बंड्याचं नेमकं काय दुखत होतं

बंड्या माझ्याकडे आला १४ सप्टेंबरला. सात वर्षांचा, कुमैत रंगाचा, खच्ची केलेला थरोब्रेड, म्हणजे शर्यतीच्या जातीचा घोडा. मे महिन्यात शेवटची शर्यत पळून निवृत्त झालेला. कागदोपत्री त्याचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण त्या नावाने हाक मारली तर तो ढिम्म उभा राहतो. बंड्या म्हटलं की मान वर करतो. पुढचे जवळजवळ सहा महिने त्याच्या अंगात काय बिघडलंय हे शोधण्यात गेले. त्या दिवसांत कुणीतरी हे सगळं क्रमाने लिहून ठेवलेलं मिळालं असतं तर रात्री जरा झोप लागली असती, म्हणून लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. खाली औषधांच्या मात्रा येतील त्या बंड्याच्या आहेत, तुमच्या घोड्याला तशाच देऊ नका.

पहिले तीन आठवडे मी स्वतःची समजूत घालण्यात घालवले. रेसचा घोडा आहे, थोडा आखडलेला असणारच, विश्रांती मिळाली की सुटेल. भेटेल तो हेच सांगत होता आणि ऐकायला बरंही वाटत होतं. सकाळी ठाणातून बाहेर काढला की पहिली दहा मिनिटं मागचे खूर जमिनीला घासत चालायचा. मग जरा मोकळा व्हायचा, आणि मी लगेच खूश. खोगिराचा तंग आवळायला घेतला की कान मागे आणि दात माझ्या दंडाच्या दिशेने. उजवीकडे कॅन्टर, म्हणजे दुडकीच्या पुढची वेगवान चाल, मागितला की मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखा उडायचा. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, अर्धी टाकायचा. अंगावर तकाकी नाही. आणि पुढच्या दोन्ही पायांवर, खुराच्या वरच्या फेटलॉक सांध्याच्या समोरच्या बाजूला, नाण्याएवढ्या खपल्या होत्या. मी त्यांना रोज मलम लावत होते. त्या कशाने होतात हा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

९ ऑक्टोबरला मात्र घाबरले. अर्ध्या तासाच्या साध्या फेरीनंतर तो अंगणात उभा राहिला तो हलेचना. पुठ्ठे हाताला दगडासारखे, काखेत घाम. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आधी मला गप्प केलं आणि तीन गोष्टी विचारल्या: ताप किती, नाडी किती, लघवीचा रंग कसा. ताप ३७.८ सेल्सिअस, नाडी ४४. लघवीसाठी पाऊण तास थांबावं लागलं, पण ती नेहमीसारखी पिवळसर होती. कॉफीसारखी गडद असती तर स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन हे प्रथिन मूत्रपिंडात उतरतंय असं समजून त्या तेव्हाच निघाल्या असत्या. त्यांनी चालवू नका, पांघरूण घाला, पाणी ठेवा, असं सांगितलं. तासाभरात तो सैल पडला. तुमच्या घोड्याची विश्रांतीतली नाडी आणि ताप आजच घेऊन कुठेतरी लिहून ठेवा. निरोगी मोठ्या घोड्याची नाडी साधारण २८ ते ४४ असते, पण त्याची स्वतःची किती हे माहीत नसेल तर ऐनवेळी त्या आकड्याचा अर्थ लागत नाही. बंड्याची एरवी ३४ असते, हे मला नंतर कळलं.

१४ ऑक्टोबरला रक्त घेतलं. यात दोन एन्झाइम महत्त्वाचे, सीके आणि एएसटी. स्नायूंना इजा झाली की दोन्ही वाढतात. सीके झपाट्याने चढतो आणि काही दिवसांत उतरतो. एएसटी उशिरा चढतो आणि आठवडेच्या आठवडे रेंगाळतो. म्हणजे पाच दिवसांनी सीके सापडला नसता तरी एएसटीने चुगली केलीच असती. दोन्ही हद्दीत आले. तरी खात्रीसाठी एक दिवस पंधरा मिनिटं दुडकी करवून, आधी आणि पाच तासांनी, असं दोनदा रक्त घेतलं. फरक किरकोळ. थरोब्रेडमध्ये व्यायामानंतर स्नायू आखडण्याचा जो आजार वारंवार दिसतो, तो इथे नव्हता. मी तोवर रात्र रात्र वाचत बसून पीएसएसएम नावाचा स्नायूंचा जनुकीय आजार शोधून काढला होता आणि आयाळीचे केस मुळांसकट उपटून पाकिटात भरूनही ठेवले होते. डॉक्टर म्हणाल्या, "थरोब्रेडमध्ये तो फार क्वचित सापडतो. हे पैसे ठेवा, पुढे लागणार आहेत." पाकीट अजून कपाटात आहे.

रक्तात एकच गोष्ट कमी निघाली, ई जीवनसत्त्व. मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅमच्या वर हवं, बंड्याचं १.३. हे जीवनसत्त्व ओल्या हिरव्या गवतात भरपूर असतं आणि वाळवलेल्या गवतात फारसं उरत नाही. बंड्याचं आयुष्य वाळलेल्या गवतावर आणि चंदीवर गेलेलं. नैसर्गिक स्वरूपातलं ई सुरू केलं, कृत्रिमापेक्षा ते घोड्याच्या अंगी चांगलं लागतं. सेलेनियम ठीक होतं, म्हणून ई आणि सेलेनियम एकत्र असलेला डबा मी परत केला. सेलेनियम जास्त झालं तर विषबाधा होते. नमुना देताना रक्ताची नळी उजेडापासून झाकून गार ठेवली आहे ना, हेही बघा.

२० ऑक्टोबरला नालबंद आले. त्यांनी चारही खूर बघितले, टाचा बसलेल्या आणि पुढचा भाग लांब वाढलेला, असं सांगितलं आणि एवढंच करून जातील असं मला वाटलं. ते म्हणाले, "ताई, पायाकडं बघू नका, ठशाकडं बघा." दाताळ्याने रिंगणातली वाळू सपाट केली, बंड्याला त्यावरून सरळ चालवलं आणि उकिडवे बसले. निवांत चालणारा बरा घोडा मागचा पाय त्याच बाजूच्या पुढच्या पायाच्या ठशावर टाकतो, नाहीतर त्याच्याही पुढे. बंड्याचा मागचा ठसा पुढच्यापासून मागे पडत होता, डावीकडेही आणि उजवीकडेही. मी टेप लावली. १३ सेंटिमीटर. मागच्या ठशाच्या पुढच्या कडेला वाळूत एक बारीक ओरखडा होता, खूर उचलताना घासल्याचा. त्या दिवसापासून दर रविवारी मी वाळू सपाट करून हा आकडा वहीत लिहिला. या सगळ्या प्रवासात यापेक्षा स्वस्त आणि यापेक्षा उपयोगी तपासणी झाली नाही.

लंगडेपणाच्या तपासणीची तारीख मिळाली ३ नोव्हेंबरची. मधल्या दोन आठवड्यांत मी व्हिडिओ काढले: बाजूने, समोरून, मागून, कडक जमिनीवर आणि वाळूत, दोन्ही दिशांनी. फोन आडवा धरा आणि घोड्याच्या कमरेच्या उंचीवर ठेवा. मी पहिले सहा व्हिडिओ उभे काढले, त्यात खूरच नाहीत. स्वार वर असतानाचाही एक काढला, कारण घोड्यांच्या डॉक्टर स्यू डायसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये स्वाराखालच्या घोड्याच्या वेदनेची २४ लक्षणं ठरवून दिली आहेत: कान मागे राहणं, शेपूट झटकणं, तोंड उघडणं वगैरे. आठ किंवा जास्त दिसली तर कुठेतरी दुखत असण्याची शक्यता मोठी. बंड्याची अकरा भरली. मी याला 'स्वभाव' म्हणत होते. त्या दिवसापासून त्याच्यावर बसणं बंद केलं.

तपासणीत आधी मानेपासून शेपटीपर्यंत बोटांनी दाबून पाहिलं. खोगीर बसतं तिथे आणि त्यामागे कमरेवर दाबलं की पाठ खाली जायची. मग सरळ दुडकी, मग लांब दोरीवर गोल, मग फ्लेक्शन टेस्ट: मागचा पाय मिनिटभर वाकवून धरायचा आणि सोडल्या सोडल्या दुडकीत पळवायचं. दोन्ही मागच्या पायांनी पहिली काही पावलं तो वाईट चालला. पण सरळ रेषेत लंगडत मात्र नव्हता. मी म्हटलं, "मग पाय दुखत नसतील?" डॉक्टर म्हणाल्या, "एक पाय दुखला तर घोडा दुसऱ्यावर भार टाकतो, म्हणून लंगडतो. दोन्ही सारखेच दुखत असतील तर भार टाकणार कुठे?" हे त्यांनी अगदी सहज, हात पुसता पुसता सांगितलं. मी त्या रात्री वहीतली मागची पानं उघडून बसले. "लंगडत नाही" असं मी नऊ वेळा, चक्क समाधानाने, लिहिलं होतं.

मला वाटलं आता पायांचे एक्सरे. त्यांनी मात्र पोट आधी घेतलं. पायांसाठी पुढे वेदनाशामकं लागली असती, आणि ती पोटातल्या व्रणांवर भारी पडू शकतात. तंगावर चावणं, चंदी टाकणं हे पोटाचंही असू शकतं. घोड्याच्या जठरात आम्ल खाताना आणि न खाताना, चोवीस तास झिरपत असतं, आणि त्याला निवळणारी लाळ फक्त चघळताना सुटते. शर्यतीच्या तालमीतले बहुतेक घोडे व्रण घेऊनच वावरतात.

गॅस्ट्रोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून जठर आतून बघणं, १९ नोव्हेंबरला. आदल्या दुपारी चारपासून खाणं बंद, म्हणजे सोळा तास, आणि शेवटचे काही तास पाणीही नाही. घोडा उपाशी ठेवायचा म्हणजे खालचं अंथरूणही काढायचं, नाहीतर तो तेच खातो आणि सकाळी जठर भरलेलं निघून तारीख फुकट जाते. मी पेंढा काढून रबरी चटई टाकली. रात्री दोन वाजता जाऊन पाहिलं तर महाशय भिंत चाटत होते. सकाळी गुंगीचं इंजेक्शन, मग सुमारे तीन मीटरची नळी नाकपुडीतून खाली. पडद्यावर जठर दोन रंगांचं दिसतं: वरचा भाग फिकट, खालचा गुलाबी ओलसर, मध्ये स्पष्ट रेघ. त्या रेघेच्या वरच्या बाजूला पिवळट-लाल खड्डे होते, व्रणांच्या तीव्रतेची चारपैकी तिसरी पायरी. जठराच्या खालच्या तोंडाशीही लाल उंचवटे.

औषध आम्ल कमी करणारं ओमेप्राझोल, किलोमागे ४ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा, उपाशीपोटी, खाण्याच्या तासभर आधी. खालच्या भागासाठी जोडीला व्रणांवर थर धरणारं सुक्राल्फेट. मात्रेसाठी वजन हवं आणि वजनकाटा नव्हता. छातीचा घेर १८४ सेंमी, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत १६८ सेंमी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,९००. उत्तर ४७८ किलो. मी डोळ्यांनी अंदाज केला होता ४२०, म्हणजे औषध कमीच पडलं असतं. चंदी निम्म्यावर आणली, गवत दिवसरात्र समोर ठेवलं, आणि व्यायामाच्या आधी दोन मुठी लसूणघास सुरू केला, म्हणजे हालचालीत आम्ल वर उसळत नाही.

१७ डिसेंबरला पुन्हा नळी. वरचा भाग स्वच्छ. खालचा सुधारलेला, पण पूर्ण नाही. तिथलं दुखणं चिवट असतं, आणखी चार आठवडे औषध. तंगाला चावणं थांबलं होतं, चंदीची घमेली चाटूनपुसून साफ व्हायला लागली होती. आणि वहीतला रविवारचा आकडा? १३ चे १२ झाले होते. मी त्या संध्याकाळी खूप खचले. एवढा खर्च, एवढी धावपळ, आणि एक सेंटिमीटर. आतापर्यंत माझ्या मनात एकच आजार होता, तो सापडला की सगळं सुटणार होतं. पोट आणि पाय यांची दुखणी स्वतंत्रही असू शकतात, हे पचायला मला दोन-तीन दिवस लागले.

कागदांचंही सांगते. २३ नोव्हेंबरला मी त्याच्या आधीच्या उपचारांची नोंद मागितली होती. उत्तर आलं, आधीच्या मालकांची लेखी परवानगी आणा. ती आणली. मग उत्तर आलं, या मायक्रोचिप (ओळखीसाठी कातडीखाली बसवलेली चिप) क्रमांकाचा घोडाच आमच्याकडे नाही. दोन आठवडे पत्रव्यवहार झाल्यावर लक्षात आलं की मालकी हस्तांतराच्या अर्जावर १५ अंकी क्रमांकातला एक अंक कुणीतरी चुकीचा उतरवला होता. दुरुस्तीचा अर्ज, डॉक्टरांनी चिप वाचून दिलेलं सहीचं पत्र, पुन्हा वाट. तेव्हा घोडा ताब्यात घेता त्याच दिवशी चिप रीडरने वाचून घ्या, आणि कागदावरचा अंक न अंक बोट ठेवून ताडून बघा.

६ जानेवारीला पायांची पाळी आली. मागच्या पायाच्या मधला जो उलटा वळलेला सांधा दिसतो, आपल्या घोट्याशी जुळणारा, त्याला हॉक म्हणतात. तो खरं तर थरांथरांचा आहे. वरच्या थरात हालचाल मोठी, खालच्या दोन थरांत नावालाच. डॉक्टरांना संशय या खालच्या थरांचा. त्यांनी डाव्या हॉकची जागा दहा मिनिटं घासून निर्जंतुक केली आणि सांध्यात भूल दिली. वीस मिनिटं थांबलो. मग मी त्याला दुडकीत पळवलं आणि मागे वळून पाहिलं तर बंड्या उजव्या मागच्या पायाने लंगडत होता. स्पष्ट, कुणालाही दिसेल असा. डावा पाय बधिर झाल्याबरोबर उजव्याची तक्रार उघडी पडली होती. मला रडू आलं, आणि डॉक्टर मात्र खूश दिसत होत्या. मग उजव्यालाही भूल. वीस मिनिटं. दाताळं आणून मी स्वतः वाळू सपाट केली. मागचा ठसा पुढच्याच्या तीन सेंटिमीटर पुढे पडला.

एक्सरेत दोन्ही हॉकच्या खालच्या सांध्यांतली फट अरुंद झालेली आणि कडेला हाडाची टोकं आलेली दिसली. संधिवात, सातव्या वर्षी. त्याच दिवशी पाठीचेही एक्सरे काढले, आणि त्यात खोगिराखालच्या दोन मणक्यांचे काटे एकमेकांना जवळजवळ टेकलेले. मी लगेच शस्त्रक्रियेबद्दल विचारायला लागले. डॉक्टरांनी थांबवलं. असे टेकलेले काटे काहीही दुखत नसलेल्या घोड्यांच्या एक्सरेतही सापडतात. आणि मागचे पाय दुखणारा घोडा पाठ ताठ धरून चालतो, मग पाठही दुखते. आधी पाय, मग पाठ पुन्हा दाबून बघू. सिंटिग्राफीचा विषय निघाला होता, ज्यात किरणोत्सारी द्रव्य टोचून सगळ्या सांगाड्याचं चित्र काढतात आणि नंतर घोड्याला वेगळं ठेवावं लागतं. तिचा खर्च तोवरच्या सगळ्या तपासण्यांच्या बेरजेच्या वर गेला असता. दुखणारी जागा सापडलेली असताना ती नको, यावर आमचं एकमत झालं.

८ जानेवारीला दोन्ही सांध्यांत स्टेरॉइडची इंजेक्शनं. दोन दिवस ठाणात, मग आठवडाभर हातात धरून चालणं. इंजेक्शननंतर पाय अचानक सुजला किंवा घोडा पाय टेकेनासा झाला तर सांध्यात जंतू गेले असं धरून त्याच तासाला फोन करा, असं त्यांनी दोनदा बजावलं. तसं काही झालं नाही. नालबंद आता दर पाच आठवड्यांनी येतात आणि मागच्या खुरांचा पुढचा भाग आखूड ठेवतात.

११ जानेवारीला, म्हणजे इंजेक्शनांनंतर तीन दिवसांनी, ती जुनी नोंद आली. चार पानं. तिसऱ्या पानावर: शेवटच्या हंगामात दोन्ही हॉकमध्ये दोनदा इंजेक्शनं. आम्ही तीन महिने जिथे पोचायला धडपडत होतो, ते तिथे एका ओळीत लिहिलेलं होतं. पळत्या घोड्यांत हा उपचार नेहमीचा आहे, त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. मीच घोडा घेताना विचारलं नव्हतं. त्याच ओळीमुळे विम्याचा हॉकचा दावाही फेटाळला गेला: दुखणं पॉलिसीच्या आधीचं. पोटाचा दावा मंजूर झाला, कारण पहिल्या नळीच्या आधी मी विमा कंपनीला कळवलं होतं आणि पोचपावती जपली होती.

फेब्रुवारीत आम्ही नुसते चाललो. रोज वीस मिनिटं, मग तीस, मग हलक्या चढावर. इंजेक्शनांपासूनचे वहीतले रविवारचे आकडे: १२, ९, ५, ५, ४, शून्य. थंडीच्या सकाळी अजूनही पहिली पाच मिनिटं दोन-तीन सेंटिमीटर कमी पडतो, आणि तसं ते राहील असं डॉक्टर म्हणाल्या. ही इंजेक्शनं कायमची नसतात, काही महिन्यांनी पुन्हा बघावं लागेल. ई जीवनसत्त्व २.४ वर आलं. पाठ पुन्हा दाबून पाहिली. खोगिराच्या जागी तो आता हलत नाही, कमरेवर थोडा हलतो. खोगीर बदललं आहे, पण अजून त्यावर कुणी बसलेलं नाही. ते एप्रिलमध्ये बघू.

आणि त्या खपल्या. घोडा उभ्या उभ्या डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवं व्हावंच लागतं. आडवं होताना आणि उठताना ज्याचे मागचे पाय दुखतात तो आडवा होणं टाळतो, मग उभ्यानेच डोळा लागतो, पुढचे गुडघे दुमडतात आणि फेटलॉक जमिनीवर घासतात. बंड्या माझ्याकडे आल्यापासून नीट झोपलाच नव्हता. म्हणून तर रोज सकाळी इतका स्वच्छ असायचा, आणि मला त्याचं कौतुक होतं.

२१ फेब्रुवारीला सकाळी ठाणाचं दार उघडलं तर त्याच्या डाव्या पुठ्ठ्यावर लिदीचा हिरवा डाग होता, ताटाएवढा, आणि शेपटीत पेंढ्याच्या काड्या. खरारा करायला पाऊण तास लागला. दुसऱ्या दिवशी उजव्या बाजूला होता.